चादर-टॉवेलवाल्यांच्या साईटसाठी टेम्प्लेट्स: मांडणी आपल्या हातात, मजकूर त्यांच्या

चाटी_गल्ली

नमस्कार मंडळी. सोलापुरात छोट्या कारखानदारांच्या वेबसाइट करतो. चादर-टॉवेलवाले, शाळेचे युनिफॉर्म शिवणारे, डाळिंबवाले, एखाददुसरं मंगल कार्यालय अशी गिऱ्हाइकं. सध्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेलवाल्यांची साईट नव्याने बांधायला घेतली आहे. त्यावरून हा धागा.

जुनी साईटही वर्डप्रेसवरच (साईट बांधायचं-सांभाळायचं सॉफ्टवेअर) आहे. पण प्रत्येक चादरीचं पान वेगळं, पेज बिल्डरमध्ये (माऊसने तुकडे ओढून पान रचायचं जोड-सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगिन) हाताने ओढून बसवलेलं. पहिलं पान डुप्लिकेट करायचं, फोटो बदलायचा, नाव बदलायचं, झालं पान तयार. अशी करत करत पानं वाढत गेली. आता कुठे साईज वर आहे तर कुठे तळाशी, कुठे वजन ग्रॅममध्ये तर कुठे किलोत. चौकशीचा मोबाईल नंबर बदलला तेव्हा बऱ्याच पानांवर जुनाच राहून गेला आणि बाहेरगावचे व्यापारी बंद नंबरवर फोन करत बसले. मालकांची मागणी साधी आहे. नवीन डिझाइन मागावरून उतरलं की त्याच संध्याकाळी साईटवर चढलं पाहिजे, आणि त्यासाठी मला फोन करायची वेळ येऊ नये.

माझं ठाम मत झालं आहे की टेम्प्लेटची, म्हणजे पानाच्या साच्याची, सुरुवात रंग आणि बॅनरपासून करू नये, मजकुरापासून करावी. म्हणून फोटोशॉप उघडण्याआधी मालकांसोबत बसून कागदावर लिहून काढलं की एका चादरीबद्दल व्यापारी काय काय विचारतो. डिझाइनचं नाव, साईज, वजन, सूत कोणतं, किती रंगांत मिळते, कमीत कमी किती नग घ्यावे लागतात, पॅकिंग कसं. प्रश्न तेच, चादर कोणतीही असो. म्हणजे हे एक टेम्प्लेट. टॉवेलला जवळपास तेच, फक्त सूत आणि वजनाचे तपशील वेगळे. बाकी 'आमच्याविषयी', चौकशी आणि प्रदर्शनांच्या बातम्या. मोजून चार-पाच साचे पुरतात, त्याहून जास्त लागायचं कारण दिसत नाही.

जाणकारांना विचारायचं आहे ते असं. थीम, म्हणजे साईटचं रूप ठरवणाऱ्या फाइलींचा संच, क्लासिक (कोडच्या फाइलींतून बनणारी) घ्यावी की ब्लॉक (मजकुराचे-फोटोचे तयार तुकडे जोडून रचायची)? ऑफिसातल्या माणसाला मजकूर भरता यावा पण मांडणी मोडता येऊ नये, याचा पक्का बंदोबस्त कसा करता? आणि मालकांना मराठीसोबत कन्नड आणि तेलुगूही हवं आहे, त्याचं काय करायचं?

जेकार्ड

चांगला विषय. आधी एक पाया पक्का करून घेऊ, कारण नवीन पोरं इथेच गोंधळतात.

जेकार्डच्या मागावर नक्षी ठरते ती भोकं पाडलेल्या कार्डांनी. माग तोच, सूत वेगळं आलं तरी कार्डं तीच असली की नक्षी तीच उतरते. टेम्प्लेटही तसंच. सूत म्हणजे मजकूर, तो डेटाबेसमध्ये. कार्डं म्हणजे टेम्प्लेट, ती थीमच्या फोल्डरमध्ये. तुमच्या जुन्या साईटवर प्रत्येक चादरीसाठी कार्डं नव्याने पाडली गेली, सगळा घोळ तिथेच झाला.

आता वर्डप्रेस कोणतं टेम्प्लेट उचलतं? त्याची ठरलेली उतरंड आहे. साध्या पानासाठी आधी त्या पानाला हाताने निवडून दिलेलं टेम्प्लेट बघतं. ते नसेल तर 'पेज' पुढे डॅश आणि स्लग (पानाच्या पत्त्यातलं त्याचं नाव) अशा नावाची फाइल, मग 'पेज' डॅश आयडी (पानाचा क्रमांक), मग नुसती पेज.पीएचपी, मग सिंग्युलर.पीएचपी आणि शेवटी इंडेक्स.पीएचपी. काहीच सापडलं नाही तर इंडेक्स, म्हणून ती फाइल लागतेच.

चादरींसाठी मात्र 'पेज' वापरूच नका. वेगळा पोस्ट टाइप, म्हणजे नोंदींचा वेगळा प्रकार, नोंदवा. मग एका चादरीसाठी 'सिंगल' डॅश पोस्ट टाइपच्या नावाची फाइल आणि सगळ्यांच्या यादीसाठी 'अर्काइव्ह' डॅश तेच नाव. यादी आपोआप तयार होते, हाताने लिंका चिकटवाव्या लागत नाहीत. पोस्ट टाइप नोंदवल्यावर पान सापडत नाही असं आलं तर पर्मालिंकच्या (पानांच्या पत्त्यांच्या) सेटिंगमध्ये जाऊन एकदा सेव्ह दाबा. यावर लोक तास तास घालवतात.

आणखी एक नेहमीचा घोळ. होम.पीएचपी म्हणजे मुखपृष्ठ नव्हे, ती पोस्टच्या यादीची फाइल. मुखपृष्ठाची फाइल फ्रंट-पेज.पीएचपी.

क्लासिक की ब्लॉक, यावर माझं मत असं की नवीन काम असेल तर ब्लॉक. ५.९ आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०२२ पासून, अख्ख्या साईटचं संपादन ब्लॉकमधून करता येतं. उतरंड तीच राहते, फक्त पीएचपीच्या जागी टेम्प्लेट्स फोल्डरमध्ये एचटीएमएल फाइली येतात, आणि हेडर-फूटरसारखे तुकडे पार्ट्स फोल्डरमध्ये.

होटगी_रोड

मला हे पटत नाही, स्पष्ट सांगतो. सोलापुरातलं गिऱ्हाईक किती पैसे देतं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तेवढ्या पैशात पोस्ट टाइप, फील्ड (एकेक माहिती भरायची वेगळी जागा), टेम्प्लेट एवढं सगळं बांधत बसलो तर पदरात काय पडणार? पेज बिल्डरमध्ये चार दिवसांत साईट उभी राहते. मालकाला स्क्रीनवर हलताना दिसतं, तो खूश होतो. शिवाय बिल्डरमध्येही आता एकच टेम्प्लेट सगळ्या प्रॉडक्टना लावता येतं. दोष अवजाराचा नाही, वापरणाऱ्याने पानं डुप्लिकेट केली त्याचा आहे.

चाटी_गल्ली

@होटगी_रोड, तुमचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. बिल्डरमध्येही नीट काम होतं, जर आधी फील्ड ठरवली आणि एकच साचा केला तर.

माझी अडचण दोन वर्षांनंतरची आहे. काही बिल्डर मजकूर शॉर्टकोडमध्ये (चौकोनी कंसातल्या खुणांत) गुंडाळून ठेवतात. प्लगिन बंद केलं की पानावर चौकोनी कंसांचा खच पडतो. एका मंगल कार्यालयाची साईट हलवताना हे सगळं हाताने उपसावं लागलं होतं. गिऱ्हाइकाचा मजकूर ही त्याची मालमत्ता आहे. उद्या तो माझ्याकडून काम काढून घेऊन दुसऱ्याकडे गेला तरी त्याला तो स्वच्छ मिळाला पाहिजे. पैशाचं म्हणाल तर चादरवाल्यांचा साचा एकदा नीट बांधला की टॉवेलवाल्यांना आणि युनिफॉर्मवाल्यांना तोच थोडा फिरवून देता येतो. पहिल्या कामाला वेळ जातो, पुढच्यांना जात नाही.

माळरान

लॉक करण्याबद्दल मी लिहिते. माझं कामच ते आहे, साईट झाल्यावर ऑफिसातल्या माणसांना शिकवणं.

मांडणी कोण मोडतं ते जवळून बघा. ऑफिसात एक मुलगी बसते. बिलं तीच करते, डिस्पॅच तीच बघते, फोन तीच घेते, आणि मधल्या वेळात साईट. गोडाऊनमधून व्हॉट्सॲपवर फोटो येतो. शहाबादी फरशीवर घडी ठेवलेली चादर, उभा फोटो, एका कोपऱ्यात कुणाची तरी चप्पल. ती पान उघडते. नावावर क्लिक करते तर वर बटणांची रांग उघडते. एक बटण चुकून दाबलं जातं, नाव मधोमध सरकतं. ते डावीकडे कसं न्यायचं कळत नाही म्हणून ती स्पेस मारते. दर फोटोच्या समोर यावा म्हणून एंटर, एंटर, एंटर. तिच्या मॉनिटरवर छान दिसतं. व्यापाऱ्याच्या मोबाईलवर मात्र फोटो आणि दराच्या मध्ये हातभर मोकळी जागा.

तिचा काहीच दोष नाही. तिला नाव, साईज, दर भरायचे होते आणि आपण तिच्यापुढे अख्खं डिझाइनचं दुकान मांडून ठेवलं. म्हणून माझा नियम असा आहे की जे तिने ठरवायचं नाही ते तिला दिसूच नये.

करायचं ते असं. तिला 'संपादक'ची भूमिका द्या, ॲडमिनची नको. संपादकाला साईट एडिटरमध्ये शिरताच येत नाही, म्हणजे हेडर, फूटर आणि टेम्प्लेट सुरक्षित. मग थीम.जेसनमध्ये (थीमच्या सेटिंगची फाइल) मनमानी रंग बंद करा, मनमानी अक्षराचा आकार बंद करा, पॅलेटमध्ये कंपनीचे तीन-चार रंग तेवढे ठेवा. पोस्ट टाइप नोंदवताना ब्लॉकची यादी देता येते, म्हणजे नवीन चादर उघडली की रिकामं पान येत नाही, भरायच्या जागा तयार मिळतात. त्यालाच लॉकही लावता येतो. 'ऑल' लावला तर ब्लॉक हलत नाहीत, वाढत नाहीत, पुसले जात नाहीत. 'इन्सर्ट' लावला तर हलवता येतात पण नवे घालता येत नाहीत. आणि 'कंटेंट ओन्ली' लावलं की फक्त मजकूर आणि फोटो बदलता येतो. ऑफिससाठी मी तिसरंच लावते.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. ही ब्लॉकची यादी म्हणजे थीमचं टेम्प्लेट नाही. ती नवीन नोंदीत एकदा ओतली जाते आणि त्या नोंदीचाच मजकूर होते. यादी नंतर बदलली तर आधीच्या चादरी आपोआप बदलत नाहीत. म्हणून साईज, वजन, दर असल्या गोष्टी मजकुरात टाकूच नयेत. त्यांना वेगळी कस्टम फील्ड द्यावीत आणि थीमच्या टेम्प्लेटमधून दाखवावीत. ६.५ आवृत्तीपासून परिच्छेद, शीर्षक, चित्र आणि बटण हे ब्लॉक थेट फील्डला जोडता येतात. उद्या 'वजन' फोटोखाली न घेता वर घ्यायचं ठरलं तर एका ठिकाणी बदला, सगळ्या चादरींवर बदलतं.

कडक_भाकरी

@माळरान अक्का, लई कामाचं लिहिलंय. त्या मोबाईल नंबरचं सांगा की. तो प्रत्येक पानावर हवा असतो.

माळरान

@कडक_भाकरी, तो चौकशीच्या पट्टीत टाका आणि ती पट्टी टेम्प्लेट पार्ट म्हणून ठेवा. लेखांच्या मध्ये कुठेही लागणार असेल तर सिंक केलेला पॅटर्न करा, ६.३ च्या आधी त्यालाच पुन्हा वापरायचा ब्लॉक म्हणायचे. एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो. एक सूचना आहे. नंबर दिसायला देवनागरीत लिहिला तरी चालेल, पण त्यामागच्या लिंकमध्ये आकडे इंग्रजीच हवेत, नाहीतर दाबल्यावर फोन लागेल याची खात्री नाही.

अक्षरजुळणी

मी डीटीपीवाला. छापखान्यात बरीच वर्षं काढून आता वेबकडे वळलोय. टेम्प्लेटच्या चर्चेत अक्षराकडे कुणी बघत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक थीम इंग्रजी अक्षर डोळ्यापुढे ठेवून बनवलेल्या असतात. शीर्षकाला ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.१ किंवा १.२ पट. इंग्रजीत ते देखणं दिसतं. मराठीत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत आणि रफारात घुसतात. 'सोलापुरी चादरींची वैशिष्ट्यपूर्ण नक्षी' असं दोन ओळींचं शीर्षक टाकून बघा, लगेच दिसेल. त्यातच डब्याला ओव्हरफ्लो लपवा (चौकटीबाहेर जाईल ते झाका) असं लावलेलं असेल तर वरचे अनुस्वार चक्क कापले जातात आणि वाचणाऱ्याला वाटतं की लिहिणाऱ्यालाच शुद्धलेखन येत नाही. शीर्षकाला किमान १.४ आणि मजकुराला १.६ ते १.७ ठेवा.

दुसरी गोष्ट अक्षरांमधलं अंतर. डिझायनरना मेनूतली अक्षरं ऐसपैस पसरवायची हौस असते. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते. शब्द शब्द राहत नाही, सुट्या अक्षरांची रांग होते. थीम.जेसनमध्ये हा पर्यायच बंद करता येतो. माझी कळकळीची विनंती आहे, मराठी साईटवर तो बंदच करा.

तिसरी गोष्ट भाषेची खूण. साईटची भाषा मराठी निवडली आणि क्लासिक थीमच्या हेडरमध्ये भाषेचे गुणधर्म छापणारं फंक्शन शाबूत असलं की ब्राउझरला कळतं, हे पान मराठी आहे. ज्या फॉन्टात सोय आहे तिथे त्यावरून आपल्या वळणाचा ल आणि श येतो. नाहीतर हिंदी वळणाचा येतो. तिरो देवनागरीत तर मराठीसाठी वेगळा फॉन्टच आहे. दुकानाची पाटी रंगवताना आपण पेंटरला ल कसा काढायचा ते बजावतो, मग साईटवर का सोडून द्यायचं?

चौथी गोष्ट सगळ्यात डोकेदुखीची. कारखान्याची माहिती मागितली की ते जुनी वर्ड फाइल पाठवतात, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेली. वर्डमध्ये मराठी दिसते, एडिटरमध्ये पेस्ट केली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. कारण त्या फाइलीत मराठी अक्षरं साठवलेलीच नाहीत. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले आहेत. मग काही जण तोच फॉन्ट साईटवर चढवतात आणि दिसण्यापुरतं काम भागवतात. असं करू नका. गुगलला ते वाचता येत नाही, साईटवर शोधून सापडत नाही, आंधळ्या माणसाचा स्क्रीन रीडर त्यातून काहीही बरळतो. कन्व्हर्टरने युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरं साठवायची पद्धत) करा आणि मग एकदा नजरेखालून घाला. रफार, अर्धा र आणि जोडाक्षरं इथे कन्व्हर्टर हमखास घसरतो.

कडक_भाकरी

@अक्षरजुळणी अण्णा, हे सगळं एका जागी कुणी लिहिलंच नव्हतं. मी एक भर घालतो, स्लगची.

शीर्षक मराठीत लिहिलं की वर्डप्रेस स्लगही मराठीत करतं. डेटाबेसमध्ये स्लगला जागा २०० अक्षरांची. मराठीचं एकेक चिन्ह लिंकमध्ये टक्क्याच्या खुणांनिशी नऊ अक्षरं खातं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही प्रत्येक वेगळं चिन्ह मोजली जातात. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. 'सोलापुरी चादर घाऊक विक्री' एवढं साधं शीर्षक घ्या. चिन्हं बरोबर २२, त्यांची १९८ अक्षरं आणि मधले तीन डॅश मिळून २०१. एकाने हुकतं, आणि स्लग 'विक्र'वर तुटतो, शेवटची वेलांटी गायब. आणि तीच लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की टक्क्यांची लांबलचक शेपटी दिसते, व्यापाऱ्याला वाटतं की काहीतरी फसवाफसवी आहे.

म्हणून स्लग इंग्रजी अक्षरांत, छोटा, हाताने. शीर्षक खुशाल मराठीत.

जेकार्ड

@कडक_भाकरी, हिशेब एकदम चोख. आणि स्लगवरून टेम्प्लेट उचलणार असाल तर फाइलचं नावही सोपं राहतं.

पूर्वभाग

मी तेलुगू घरातली, शिक्षण मराठीतलं. भाषेच्या प्रश्नावर लिहिते, कारण सोलापुरात हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि उत्तर बहुतेक वेळा चुकीचं निघतं.

नेहमीचं उत्तर म्हणजे एकाच पानावर आधी मराठी, खाली कन्नड, त्याखाली तेलुगू. कापडाच्या दुकानाच्या पाटीवर हे चालतं, साईटवर नाही. तेलुगू वाचणारी माझी आई तळापर्यंत जातच नाही. प्रत्येक भाषेला वेगळं पान हवं. पॉलिलँगसारखं प्लगिन वापरलं तर प्रत्येक भाषेची वेगळी नोंद होते आणि त्या एकमेकींना जोडलेल्या राहतात. टेम्प्लेट तिन्ही भाषांना एकच. सगळा फायदा त्यातच आहे. साईज आणि वजन तिन्ही भाषांत सारखंच, ती फील्ड एका भाषेत भरली की बाकी दोन्हींत उतरवायची सोय ठेवा. भाषांतर फक्त नावाचं आणि वर्णनाचं.

टेम्प्लेट एकच असलं तरी जागा तिन्ही लिप्यांना पुरली पाहिजे. कन्नड आणि तेलुगूत जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लागतं, त्यामुळे ओळीला देवनागरीपेक्षाही जास्त उंची लागते. अक्षरजुळणी यांनी १.४ सांगितलं, तेलुगू शीर्षकाला मी १.५ च्या खाली जात नाही. शब्दही लांब असतात. मेनूत 'चौकशी' मावलं म्हणून तेलुगू शब्द मावेल असं समजू नका. बटणाला ठरावीक रुंदी देऊ नका, मजकुराप्रमाणे वाढू द्या.

फॉन्टसाठी 'अनेक' नावाचा बघा, 'एक टाइप'वाल्यांचा. देवनागरी, कन्नड, तेलुगू आणि रोमन सगळ्या लिप्या एकाच घराण्यातल्या, त्यामुळे भाषा बदलली तरी साईटचा तोंडवळा बदलत नाही. नोटोमध्येही तिन्ही आहेत. पण तिन्ही लिप्यांच्या फॉन्टफाइली प्रत्येक पानावर उतरवायला लावू नका, ज्या भाषेचं पान तिचीच फाइल जाऊ द्या.

आणि भाषांतर मशीनवर सोडून देऊ नका हो. आपल्याकडच्या पद्मशाली घरांतली तेलुगू हैदराबादच्या तेलुगूपेक्षा वेगळी आहे. मागावरचे, सुताचे, रंगाचे शब्द कारखान्यातल्याच माणसाला विचारून घ्या. व्यापारी तेच शब्द बोलतो.

होटगी_रोड

वरचं वाचून एक गोष्ट कबूल करतो, फील्डचा मुद्दा तीन भाषांच्या वेळी अगदी उघडा दिसतो. बिल्डरमध्ये तीन भाषांची पानं सांभाळणं खरोखरच जिकिरीचं आहे. पण ज्याचं एकच पान आहे, डॉक्टरचं किंवा क्लासवाल्याचं, त्याला मी बिल्डरवरच देणार. तिथे एवढं बांधकाम नको.

पुण्यातला_सोलापूरकर

द्रुपलवर (वर्डप्रेससारखंच साईटचं दुसरं सॉफ्टवेअर) काम करतो म्हणून थोडक्यात. तिथे 'कंटेंट टाइप आणि फील्ड' ही विचारसरणी मुळातच आहे, वर्डप्रेससारखी बाहेरून आणावी लागत नाही. २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून टेम्प्लेट्स ट्विगमध्ये (टेम्प्लेट लिहायची भाषा) लिहितात. ट्विगचं डीबग चालू केलं की पानाच्या सोर्समध्ये कोणती फाइल वापरली आणि कोणती नावं चालली असती ते सगळं लिहून येतं. पण चादरवाल्याच्या साईटला द्रुपल जड पडेल. विद्यापीठ, बँक, मोठी संस्था असेल तर जरूर विचार करा. सोलापुरात ते सांभाळणारा माणूस मिळायलाही हवा, हेही बघा.

जेकार्ड

ब्लॉक थीम घेणाऱ्यांसाठी एक मोठी धोक्याची सूचना राहिली होती.

साईट एडिटरमध्ये जाऊन टेम्प्लेट बदललं आणि सेव्ह केलं की बदल फाइलमध्ये जात नाही, डेटाबेसमध्ये जातो. आणि त्यानंतर डेटाबेसमधली प्रतच चालते. मग तुम्ही घरी बसून फाइल सुधारता, सर्व्हरवर चढवता, कॅशे पुसता, ब्राउझर बदलून बघता, आणि पान ढिम्म हलत नाही. कारण वर्डप्रेस तुमच्या फाइलकडे बघतच नाहीये. एडिटरमध्ये त्या टेम्प्लेटसमोर रीसेटचा पर्याय असतो, तो वापरला की डेटाबेसमधली प्रत जाते आणि फाइल पुन्हा चालू होते. रीसेट दाबण्याआधी तिथले बदल हवे आहेत का ते बघा, कारण ते जातात.

म्हणून कामाची शिस्त आधीच ठरवा. एडिटरमध्ये मांडणी करा, पण ती क्रिएट ब्लॉक थीम या प्लगिनने थीमच्या फाइलींत उतरवून घ्या आणि फाइली गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) ठेवा. दुसऱ्या कुणाची थीम घेतली असेल तर चाइल्ड थीम (मूळ थीमवर बसणारी आपल्या बदलांची वेगळी थीम) करूनच हात लावा, नाहीतर अपडेट आलं की केलेलं सगळं वाहून जाईल.

क्लासिक थीम लिहिणाऱ्यांनी हेडर आणि फूटरमधले डब्ल्यूपी-हेड आणि डब्ल्यूपी-फूटर हे दोन हुक (प्लगिनांना आपला कोड जोडायच्या जागा) विसरू नयेत, निम्मी प्लगिनं त्यांच्यावरच चालतात. आणि फील्डमधून आलेला मजकूर छापताना एस्केप करूनच (त्यातला कोड चालणार नाही असा करून) छापावा. भरणारा घरचा माणूस असला तरी.

माळरान

फोटोबद्दल एकच सांगते. टेम्प्लेटमध्ये फोटोच्या जागेचं प्रमाण ठरवून टाका, चारास तीन किंवा चौरस. उभा आला, आडवा आला, चौकट तीच राहते आणि पान वाचता वाचता उडी मारत नाही. एकाच फोटोचे लहान-मोठे आकार ब्राउझरला देण्याची सोय वर्डप्रेसमध्ये ४.४ पासून आहे, पण फोटो मीडिया लायब्ररीतून घातला तरच. बाहेरची लिंक चिकटवली तर तो फायदा मिळत नाही. गावाकडच्या नेटवर्कवर बघणाऱ्या व्यापाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो.

चाटी_गल्ली

मंडळी, मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझं आता असं ठरलंय.

ब्लॉक थीम, स्वतःची, छोटी. चादर आणि टॉवेल मिळून एकच पोस्ट टाइप, प्रकार वेगळा दाखवायला टॅक्सॉनॉमी, म्हणजे वर्गवारी. दोन पोस्ट टाइप करायचा विचार होता, पण फील्ड इतकी सारखी आहेत की साचा एकच पुरेल, आणि जे फील्ड रिकामं असेल ती ओळ दिसणार नाही. साईज, वजन, दर, कमीत कमी नग हे सगळं फील्डमध्ये. आकडे इंग्रजीत साठवणार आणि मराठी पानावर दाखवताना देवनागरी करणार, म्हणजे दरानुसार क्रम लावता येईल. ऑफिसला संपादकाची भूमिका आणि कंटेंट ओन्ली लॉक. फॉन्ट 'अनेक'. शीर्षकाचं अंतर तिन्ही भाषांना १.५ च ठेवतो, मराठीला थोडं सैल दिसलं तरी हरकत नाही. अक्षरांमधलं अंतर बंद. स्लग हाताने.

भौगोलिक मानांकनाचा उल्लेख मात्र टेम्प्लेटमध्ये कायमचा छापणार नाही. सोलापुरी चादरीला ते मानांकन आहे, पण या साईटवर दुसऱ्या प्रकारचा मालही चढेल. साच्यातच छापलं तर तो शिक्का नको त्या मालावरही बसेल, आणि ते व्यापाऱ्याशी खोटं बोलल्यासारखं होईल. त्यासाठी वेगळं फील्ड, टिक केली तरच दिसेल, आणि टिक मालकांनीच करायची.

एक शंका उरली. जुन्या पानांच्या लिंका व्यापाऱ्यांच्या फोनमध्ये सेव्ह आहेत. पोस्ट टाइप बदलल्यावर त्या तुटणार ना?

कडक_भाकरी

तुटणार की. जुन्या प्रत्येक लिंकवरून नव्या पानाकडे ३०१ रीडायरेक्ट (पत्ता कायमचा बदलला असं सांगून आपोआप वळवणं) लावा. यादी आत्ताच काढून ठेवा, जुनी साईट चालू आहे तोवर. नंतर कोणत्या पानाचा पत्ता काय होता ते शोधत बसावं लागतं. आणि सगळ्या लिंका मुखपृष्ठाकडे वळवू नका. ज्याने त्या चादरीची लिंक ठेवली त्याला तीच चादर दिसली पाहिजे.

चाटी_गल्ली

करतो. आजच एक्सेलमध्ये जुन्या-नव्या पत्त्यांची यादी सुरू करतो. @पूर्वभाग ताई, तेलुगू पानांची शीर्षकं तुमच्या नजरेखालून गेली तर फार बरं होईल. टेस्ट साईटची लिंक व्यनि करतो.

पूर्वभाग

जरूर पाठवा. आईला मोबाईलवर उघडून दाखवते, अक्षर कुठे कापलं जात असेल तर तिला लगेच दिसेल. स्क्रीनशॉट काढून इथेच टाकते.